शरीराचा अंतर्गत समतोल आणि रक्तातील साखर

वार्षिक अहवालातील जमाखर्चाच्या पानांसोबत आरोग्यविषयक काही उपयुक्त माहिती हितचिंतकांच्या हाती द्यावी, या हेतूने हा अल्पसा लेख सादर करीत आहोत.

वैशाखातील ऊन असो वा पौषातील थंडी, निरोगी शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. अंतर्गत स्थिती अशी स्थिर राखण्याच्या क्रियेस अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ असे नाव दिले. रक्तातील साखरेचे नियमन हे तिचे उत्तम उदाहरण होय.

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. म्हणजे साऱ्या रक्तात मिळून जेमतेम चहाचा एक चमचा! एकट्या मेंदूस मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. हाती शिल्लक अल्प असूनही व्यवहार अडत नाही, तो यकृतातील ठेवीमुळे. जेवणानंतर साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि जादा साखर यकृतात व स्नायूंत साठविली जाते. साखर उतरू लागली की ग्लुकॅगॉन हे संप्रेरक यकृतातील ठेव मोकळी करते. त्याहून खाली गेल्यास ॲड्रेनॅलिन धावून येते. घाम, थरथर, धडधड ही त्याचीच लक्षणे. ती धोक्याची सूचना समजावी.

तापात व जंतुसंसर्गात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन वाढतात. त्यामुळे अन्न न घेताही साखर चढते. ‘पोटात काही नाही, मग इंजेक्शन कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच घातक ठरतो. टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. बाहेरून मिळणारे इन्सुलिनही थांबल्यास चरबीचे विघटन होऊन रक्तात आम्ल साचते व प्राणांवर बेतते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे एका १४ वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलिन देण्यात आले. तोपर्यंत अशा मुलांचे आयुष्य फार लांबत नसे.

यास्तव मधुमेही रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांस आमची नम्र विनंती की, आजारपणात इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. साखर वरचेवर तपासावी व डॉक्टरांशी संपर्क साधावा. एकादशी, नवरात्र वा रोजा यांचे उपवास धरण्यापूर्वी औषधांची मात्रा त्यांना विचारून घ्यावी. साखर ७० च्या खाली गेल्यास व रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही न देता तातडीने रुग्णालयात आणावे.

निरोगी शरीर हा समतोल अहोरात्र आपणहून सांभाळते. जेथे ते असमर्थ ठरते, तेथे ती जबाबदारी रुग्ण, कुटुंबीय आणि रुग्णालय यांनी मिळून उचलावयाची असते.