दीड टन की दोन टन?

पुणे–बंगळूरु महामार्गावर साताऱ्याहून कराडकडे निघाले की नागठाण्याच्या पुढे अतीत लागते. बहुतेकांना ते एसटीच्या पाटीवरचे नाव म्हणून ठाऊक असते. या गावाजवळच्या कोपलँड कंपनीच्या कारखान्यात एसीचे काळीज, म्हणजे कॉम्प्रेसर तयार होतात. कराडला किर्लोस्कर आणि अमेरिकेची कोपलँड यांच्या भागीदारीतून ‘किर्लोस्कर कोपलँड’ उभी राहिली, पुढे ती इमर्सनकडे गेली आणि २०२३ मध्ये जगभरचा तो व्यवसाय इमर्सनपासून वेगळा होऊन पुन्हा ‘कोपलँड’ या नावावर आला. मोठ्या दुकानांचे डक्टेबल एसी, शीतगृहे, दूध संकलन केंद्रांवरचे बल्क कूलर अशा ठिकाणी या घराण्याचे कॉम्प्रेसर धडधडत असतात. याच महामार्गावर उत्तरेला शिरवळ आहे. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात २०१२ च्या सुमारास जर्मनीच्या मदतीने प्रोपेन, म्हणजे आर-२९० हा वायू वापरणारे एसी बनू लागले. वातावरण तापवण्याच्या बाबतीत हा वायू जवळजवळ निरुपद्रवी, आणि त्या काळी जगातही असे एसी क्वचितच बनत.

पण पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसे काहीसे झाले आहे. सांगलीच्या कापड पेठेतला किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावरचा व्यापारी एसी घ्यायला जातो तेव्हा प्रश्न दोनच असतात: दीड टन की दोन टन, आणि कुठल्या कंपनीचा? यातला दुसरा प्रश्न खरे तर सर्वात शेवटी विचारायचा. नामांकित कंपन्यांच्या यंत्रांत जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी मोठा फरक एकाच कंपनीच्या नीट बसवलेल्या आणि कशाही बसवलेल्या दोन यंत्रांत पडतो.

आधी ‘टन’ म्हणजे काय ते पाहू. हे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. म्हणजे खोलीत दर तासाला किती उष्णता जमा होते हे कळल्याशिवाय टनाचा आकडा सांगताच येत नाही. ‘शंभर-सव्वाशे चौरस फुटाला एक टन’ हा बाजारातला ठोकताळा घराच्या खोलीला बरा. दुकानाला तो फसवतो, कारण दुकान तापते ते क्षेत्रफळामुळे कमी आणि इतर गोष्टींमुळे जास्त.

समजा तीनशे चौरस फुटांचे सराफी दुकान आहे. लग्नसराईत एका वेळी पंधरा माणसे आत असतात. बसलेला माणूस साधारण शंभर ते सव्वाशे वॉट उष्णता सोडतो. पंधरा जणांची मिळून अर्ध्या टनाच्या आसपास होते. दागिने झळाळावेत म्हणून पन्नास वॉटचे चाळीस हॅलोजन लावलेले असतील तर ते दोन हजार वॉट, म्हणजे आणखी अर्ध्या टनाहून जास्त. त्याच जागी सात वॉटचे एलईडी बसवले की हाच आकडा २८० वॉटवर येतो. नुसते दिवे बदलून अर्धा टन एसी वाचतो, आणि दिव्यांची वीज वाचते ती वेगळीच. ही बेरीज करायला इंजिनिअर लागत नाही. वहीचे एक पान पुरते. तरीही कोटेशन देणाऱ्याने दुकानात किती माणसे येतात असे विचारले, असा अनुभव फार थोड्या दुकानदारांच्या गाठीशी असेल.

मग उरते छप्पर. वरच्या मजल्यावरचे कार्यालय, डोक्यावर उघडा स्लॅब किंवा त्याहून वाईट म्हणजे पत्रा, आणि पश्चिमेला तोंड करून भली मोठी काच. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. साताऱ्याला उंचीमुळे थोडा दिलासा असतो, पण स्लॅब तिथेही तापतोच आणि दिवसभर साठवलेली उष्णता संध्याकाळी सातपर्यंत खाली सोडत राहतो. गिऱ्हाइकाची वेळही नेमकी तीच. स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक लेप, पत्र्याखाली इन्सुलेशन आणि फॉल्स सीलिंग, पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली हा खर्च एकदाच होतो. वाढीव टनाचे बिल दर महिन्याला येते. काचेला आतून पडदा लावला तर ऊन आत आल्यावर अडते, बाहेर सावली केली तर ते आत येतच नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दाराचा प्रश्न नाजूक आहे. बंद काच पाहून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल ही धास्ती पेठेतल्या व्यापाऱ्याला असते आणि ती अगदीच खोटी नाही. म्हणून शटर सताड उघडे आणि एसी चालू, असे दृश्य दोन्ही शहरांत दिसते. आपोआप मिटणारे काचेचे दार किंवा दारावर एअर कर्टन, यातले काहीच करायचे नसेल तर एसी घेऊच नये. चांगले पंखे लावावेत.

किंवा कूलर लावावा. हा सल्ला एसीवाला देणार नाही, पण या दोन जिल्ह्यांच्या निम्म्या भागात तो शहाणपणाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दहिवडी, विटा, आटपाडी, जत या पट्ट्यातली उन्हाळी हवा कोरडी असते. पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा देणारा कूलर तिथे उत्तम चालतो आणि वीजही एसीच्या मानाने फारच थोडी घेतो. वर्कशॉप, गोदाम, मंगल कार्यालय अशा उघड्या-वाघड्या जागांना तर मोठे डक्ट कूलरच परवडतात. मात्र जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. कापड, कागद, औषधे किंवा इलेक्ट्रॉनिक माल ठेवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दमटपणावरून एक गोष्ट आठवते. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली ती माणसांसाठी नव्हे, एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. एसीचे निम्मे काम हवेतले पाणी काढण्याचे आहे, ते असे जन्मापासूनचे. म्हणून ‘असू दे थोडा मोठा’ म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतले की पावसाळ्यात पंचाईत होते: खोली पटकन थंड होते, कॉम्प्रेसर लवकर थांबतो, पण ओल तशीच राहते. जुलैच्या सांगलीत गार आणि चिकट अशी दुकाने भेटतात त्याचे हे एक कारण आहे. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी-जास्त करू शकतो, त्यामुळे त्याच्यात हा दोष कमी जाणवतो. कमी होतो, जात मात्र नाही.

प्रकारांबद्दल थोडक्यात. एका खोलीच्या कार्यालयाला भिंतीवरचा स्प्लिट पुरतो. लांब-रुंद दुकानात छतातून चारी बाजूंना हवा सोडणारे कॅसेट बरे. हॉल, बँक, शोरूम यांना डक्टेबल. आणि अनेक खोल्या वेगवेगळ्या वेळी वापरात असतील, जसे हॉटेलात असते, तर एका बाहेरच्या युनिटवर अनेक आतली युनिटे चालवणारी व्हीआरएफ पद्धत, पैसे असतील तर.

मिरजेची गोष्ट मात्र वेगळी आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून हे गाव दवाखान्यांचे झाले, आणि शस्त्रक्रियागृहाचा एसी म्हणजे मोठा स्प्लिट नव्हे. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियागृहातली हवा तासाला किमान वीस वेळा बदलावी लागते, त्यातला काही भाग बाहेरून घेतलेल्या ताज्या हवेचा हवा. ती बारीक गाळणीतून गाळलेली, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे दार उघडले तरी जंतू आत शिरणार नाहीत. तापमान एकवीस अंशांच्या आसपास. साधा स्प्लिट खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची घेत नाही. छोट्या दवाखान्याने याच मुद्द्यावर खर्च वाचवू नये. गर्दीच्या क्लासलाही, कमी प्रमाणात का होईना, हे लागू आहे: चाळीस मुले बंद खोलीत दोन तास बसली की ती पेंगतात, त्यात मास्तरांचा दोष थोडाच असतो.

आता विजेचे बिल. एसीवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते. तो आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला आहे. रोज दहा तास आणि वर्षात तीनशे दिवस एसी लावणाऱ्या दुकानाचा वापर तीन हजार तासांचा, जवळपास दुप्पट. त्यातून व्यापारी दर घरगुती दरापेक्षा चढा. तेव्हा तीन आणि पाच तारे यांच्या किमतीतला जो फरक घरात पाच-सहा वर्षांत भरून निघेल, तो दुकानात त्याच्या निम्म्या वेळात निघतो. ज्या सभागृहात महिन्यातून दोन बैठका होतात तिथे मात्र पाच ताऱ्यांचे पैसे वाया गेले म्हणायचे. यंत्र घेण्यापूर्वी महावितरणकडचा मंजूर भारही पाहून घ्यावा. तीन-चार एसी एकदम वाढले की तो वाढवून घ्यावा लागतो, आणि जुन्या वाड्यातले वायरिंग व अर्थिंग तपासल्याशिवाय हे करणे म्हणजे आगीला आमंत्रण. २०२० पासून खोलीचे नवे एसी चालू करताच आपोआप २४ अंशांवर सुरू होतात. तो आकडा तसाच ठेवला तर बरे. एक अंश खाली आणला की सुमारे सहा टक्के वीज वाढते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगते.

बाहेरचे युनिट कुठे लावायचे, हा प्रश्न सांगलीत नदीला विचारावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पेठेत शिरले. मागच्या बोळात जमिनीवर किंवा तळघरात ठेवलेली युनिटे अशा वेळी वाचत नाहीत. ती पुराच्या खुणेच्या वर, गच्चीवर किंवा मजबूत ब्रॅकेटवर असावीत. विजेचे पॅनेलही तसेच. मात्र उंचीला किंमत आहे. तांब्याची नळी जितकी लांब तितकी यंत्राची ताकद घटते आणि ठरावीक लांबीपुढे गॅसही जास्त घालावा लागतो. म्हणून कंपनीने दिलेली कमाल लांबी विचारून घ्यावी. पाण्यात बुडालेले युनिट वाळले असे वाटले तरी थेट चालू करू नये. आतले इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि मोटर तपासल्यावरच त्याला वीज द्यावी.

पूर नसला तरी धूळ आहे. मार्केट यार्डाच्या आसपास हळदीचा भुगा, गळीत हंगामात पेटवलेल्या उसाच्या पाल्याची काळी राख, महामार्गालगत डिझेलची काजळी. हे सारे बाहेरच्या कॉइलच्या बारीक पात्यांत जाऊन बसते. मग उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर जास्त दाबाने चालतो, बिल वाढते आणि एका दुपारी तो बंद पडतो. आतले फिल्टर दर पंधरा दिवसांनी दुकानातल्या पोरानेच नळाखाली धुवावेत. त्याला मेकॅनिक लागत नाही. बाहेरची कॉइल वर्षातून दोनदा तरी पाण्याने धुवून घ्यावी, पण जेट पंपाचा झोत पात्यांना तिरका लागला तर ती वाकतात आणि धुण्याचा फायदा तिथेच संपतो.

‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येते. एसीतला वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही; तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुधा नळीच्या फ्लेअर नटपाशी. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच बिल. नीट काम करणारा मेकॅनिक आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासतो, मग व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल काढतो आणि मग काट्यावर वजन करून गॅस सोडतो. नवा एसी बसवतानाही व्हॅक्यूम पंप आणला नसेल तर काम थांबवायला हरकत नाही. हल्लीच्या यंत्रांत बहुधा आर-३२ हा वायू असतो आणि तो थोडा ज्वालाग्राही आहे, त्यामुळे भरलेल्या नळीजवळ ब्रेझिंगचा जाळ नको. आर-२२ वर चालणारी जुनी यंत्रे ज्यांच्याकडे अजून असतील त्यांनी मोठ्या दुरुस्तीवर खर्च करण्याआधी विचार करावा, कारण भारतात हा वायू २०३० पर्यंत बाजारातून जवळपास हद्दपार व्हायचा आहे.

वार्षिक देखभालीचा करार करताना तो ‘सर्वसमावेशक’ आहे की फक्त मजुरीचा, हे आधी विचारावे. बऱ्याच करारांत कॉम्प्रेसर, कार्ड आणि गॅस वगळलेले असतात, म्हणजे महागडे तेवढे सगळे बाहेर. कितीदा सर्व्हिस, त्यात बाहेरच्या कॉइलची धुलाई आणि पाण्याच्या नळीची सफाई आहे का, बिघाड कळवल्यावर किती तासांत माणूस येणार, आणि दर सर्व्हिसला विजेचा प्रवाह व आत येणाऱ्या-जाणाऱ्या हवेचे तापमान लिहून ठेवणार का, एवढे करारातच असावे. सुस्थितीतल्या एसीत आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत सात-आठ अंशांचा तरी फरक दिसतो. दहा-बारा असेल तर उत्तम. हा आकडा साध्या थर्मामीटरने दुकानदारालाही पाहता येतो आणि दोन वर्षांच्या नोंदी समोर असल्या की यंत्र कुठे घसरले ते मेकॅनिकला न विचारता दिसते. पहिली सर्व्हिस फेब्रुवारीत उरकावी. गुढीपाडव्यानंतर सगळ्यांचेच एसी एकदम आठवतात आणि मेकॅनिकचा फोन लागेनासा होतो.