घरात क्षय निघाला, तर बाकीच्यांनी काय करायचं?



उसात काणीचा चाबकासारखा काळा पट्टा दिसला म्हणजे आपण त्यावर पिशवी घालून अख्खं बेट उपटतो, जाळतो आणि शेजारची बेटंही तपासतो. कारण रोग बेण्याच्या डोळ्यात आधीच शिरलेला असतो, पट्टा मागाहून दिसतो. क्षयाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की माणूस उपटायचा नसतो, बरा करायचा असतो.

रोग्याची औषधं सुरू झाली, की घरचे निर्धास्त होतात. पण खोकल्यातून हवेत आलेले जंतू एका खोलीत झोपणाऱ्यांच्या छातीत उतरलेले असू शकतात. लागण झालेला प्रत्येकजण आजारी पडत नाही. पण पहिली दोन वर्षं धोका अधिक. पाच वर्षांखालच्या लेकरांना तर फारच. म्हणून आमचं सांगणं असं :

१) घरातल्या सर्वांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावं. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे थुंकी आणि छातीचा फोटो. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध मोफत आहे.

२) क्षय नाही असं ठरलं, तरी प्रतिबंधक औषधाविषयी विचारावं. राष्ट्रीय कार्यक्रमात २०२१ पासून मोठ्या माणसांनाही ही सोय आहे. रोज एक वेळ असं सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा असं तीन महिने. मला काय झालंय, म्हणून मध्येच सोडू नये.

३) दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, थुंकीत रक्त, यांतलं एक जरी दिसलं, तरी पुन्हा दवाखाना गाठावा.

४) खिडक्या उघड्या ठेवाव्यात, रोग्याने तोंडावर रुमाल धरावा. ताट-पेला वेगळा काढू नये. क्षय ताटातून लागत नाही.

तोडणी टोळ्यांविषयी मुद्दाम लिहितो. एका कोपीत पाच-सहा माणसं दाटीने झोपतात. तिथे रोगी निघाला, तर मुकादमाने सगळ्यांना तपासणीला न्यावं. हंगाम संपला, की माणसं गावी जातात आणि औषध तुटतं. निघण्याआधी डॉक्टरांना गावचा पत्ता द्यावा, म्हणजे तिकडच्या केंद्रातून ते पुढे चालू राहील.

पोरीचं लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, या भीतीने काही घरांत हा आजार दडवतात. बंधूंनो, क्षय औषधाने बरा होतो. दडवलेला मात्र घरभर पसरतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग