स्वमग्नता आणि आंतरजालावरील चाहतेविश्व : लक्षण की व्यासंग?

सारांश :

एखाद्या मालिकेचा, कादंबरीचा वा खेळाचा उत्कट छंद हा स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत वैद्यकीय निदानाचा एक निकष ठरतो. आंतरजालावरील चाहत्यांच्या समूहात मात्र हाच छंद सभासदत्वाची पात्रता मानला जातो. प्रस्तुत लेखात या दोन दृष्टींमधील अंतराचा विचार केला आहे. स्वमग्न व्यक्तीने आपला चाहतेपणा संकोच न बाळगता उपभोगणे हे तिच्या स्वास्थ्याशी निगडित आहे, आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी त्याकडे विकृती म्हणून न पाहता व्यासंगाचे एक रूप म्हणून पाहावे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्वमग्नता, चाहतेविश्व, आंतरजाल, दुहेरी समानुभूती, मुखवटा, उच्च शिक्षण.

प्रस्तावना :

एखाद्या विषयात बुडून गेलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. छंद, नाद, ध्यास, वेड, खूळ, व्यासंग हे सारे शब्द जवळपास एकाच मनःस्थितीचे वर्णन करतात. परंतु यांपैकी कोणता शब्द वापरावयाचा हे ठरविताना आपण त्या माणसाची प्रतिष्ठाही ठरवीत असतो. हस्तलिखितांतील पाठभेदांवर आयुष्य वेचणाऱ्या संशोधकाचा तो व्यासंग असतो. जपानी ॲनिमे मालिकेतील प्रत्येक पात्राचा इतिहास मुखोद्गत असणाऱ्या विद्यार्थ्याचे मात्र ते खूळ ठरते. हा विद्यार्थी स्वमग्न असेल, तर त्याही पुढे जाऊन ते त्याच्या विकाराचे लक्षण मानले जाते. अवधानाची तीव्रता, तपशिलाची ओढ आणि पुनःपुन्हा त्याच विषयाकडे परतण्याची वृत्ती तिन्ही ठिकाणी सारखीच असताना मूल्यमापनात एवढी तफावत का पडते, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

संज्ञाविचार :

'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास, छिन्नमनस्कतेच्या संदर्भात, 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून योजिली. पुढे लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि या संज्ञेला आजचा अर्थ प्राप्त होऊ लागला. मराठीत रूढ झालेला 'स्वमग्नता' हा शब्द मूळ व्युत्पत्तीशी प्रामाणिक आहे. परंतु त्यातून एक गैरसमजही निर्माण होतो. 'स्वतःत मग्न' म्हणजे जगापासून तुटलेली व्यक्ती, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात चाहता असलेली स्वमग्न व्यक्ती स्वतःत नव्हे, तर स्वतःबाहेरच्या एखाद्या विषयात मग्न असते. तो विषय तिला जगाशी जोडणारा दुवा होऊ शकतो. रूढ शब्द बदलणे आता शक्य नसले, तरी ही मर्यादा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

'चाहतेविश्व' हा शब्द येथे 'फॅनडम' या अर्थी वापरला आहे. केवळ एखादी कलाकृती आवडणे एवढाच त्याचा अर्थ नाही. त्या कलाकृतीवर चर्चा करणे, तिच्या पात्रांवर नव्या कथा लिहिणे, चित्रे काढणे, माहितीचे कोश रचणे, अशा सामूहिक व्यवहाराला चाहतेविश्व म्हणतात.

निदानाची भाषा आणि तिच्या मर्यादा :

अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत स्वमग्नतेचे पूर्वीचे प्रकार 'स्वमग्नता वर्णपट विकार' या एकाच संज्ञेखाली आणले गेले. तीत तीव्रतेच्या वा रोखाच्या दृष्टीने असाधारण ठरणाऱ्या मर्यादित आवडी हा पुनरावृत्त वर्तनाच्या चार निकषांपैकी एक आहे. चारांपैकी किमान दोन निकष पूर्ण व्हावे लागतात. अर्थात प्रत्येक स्वमग्न व्यक्तीला असा छंद असतोच असे नाही. या भाषेत छंदाची तीव्रता नोंदविली जाते, पण त्यातून मिळणाऱ्या आनंदाला तेथे स्थान नाही.

याला पर्यायी स्पष्टीकरण डायना मरे, माइक लेसर आणि वेंडी लॉसन यांनी २००५ साली मांडले. त्यांच्या मते स्वमग्न मनाचे अवधान एकमार्गी असते. बहुतेकांचे लक्ष एकाच वेळी अनेक विषयांत विखुरलेले असते; स्वमग्न व्यक्तीचे लक्ष मात्र थोड्या वाटांनी, पण जोराने वाहते. ओढ्याचे पाणी दहा पाटांत वळविले तर प्रत्येक पाटात थोडे येते, एकाच पाटात सोडले तर त्याला वेग येतो. तसेच हे आहे. या दृष्टीने पाहता उत्कट छंद हा त्या मनाच्या घडणीतून सहज उद्भवणारा परिणाम होय.

चाहतेविश्वाची जडणघडण :

आधुनिक चाहतेविश्वाचा विचार करताना 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९६६ ते १९६९ या काळात ती प्रसारित झाली. १९६७ साली तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' हे हौशी नियतकालिक काढले आणि मालिका बंद पडू नये म्हणून पत्रांची मोहीमही उभारली. हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या 'टेक्स्च्युअल पोचर्स' या ग्रंथात चाहता हा निष्क्रिय ग्राहक नसून अर्थ घडविणारा वाचक आहे, अशी भूमिका मांडली. आंतरजालाच्या प्रसारानंतर हा व्यवहार विस्तारला. २००७ साली स्थापन झालेल्या एका ना-नफा संस्थेने २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे चाहत्यांच्या लेखनाचे भांडार खुले केले. स्वयंसेवकांनी चालविलेल्या या भांडारास २०१९ साली विज्ञानसाहित्यातील प्रतिष्ठेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

स्वमग्न मन आणि चाहतेविश्व यांची सांगड :

स्वमग्न व्यक्तींना हे विश्व जवळचे वाटण्यामागे काही ठोस कारणे दिसतात. पहिले कारण संवादाच्या आरंभाचे आहे. प्रत्यक्ष सामाजिक व्यवहारात ओळख होण्यापूर्वी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागतात, नजरेला नजर द्यावी लागते, बोलण्याची पाळी हेरावी लागते. चाहत्यांच्या समूहात संवाद विषयापासूनच सुरू होतो. दुसरे कारण माध्यमाचे. लेखी संवादात उत्तर देण्यास वेळ घेता येतो, मजकूर पुन्हा वाचता येतो आणि गोंगाट, प्रखर दिवे, गर्दी यांचा त्रास टळतो. तिसरे कारण नियमांच्या स्पष्टतेचे. उपरोक्त भांडारात प्रत्येक कथेवर तिची पात्रे, आशय व संभाव्य क्लेशदायक प्रसंग यांच्या खुणा आधीच नोंदविण्याची पद्धत आहे. काय वाचावयास मिळणार हे आधी कळणे अनपेक्षित गोष्टींनी अस्वस्थ होणाऱ्या व्यक्तीस मोलाचे वाटते. चौथे कारण असे की, एखाद्या भागातील बारीकशी विसंगती दाखवून देणारा सदस्य येथे कंटाळवाणा ठरत नाही; त्याचे ज्ञान समूहाच्या उपयोगी पडते.

कॅनडातील स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ साली 'माइनक्राफ्ट' या खेळात स्वमग्न मुलांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी 'ऑटक्राफ्ट' नावाचे स्वतंत्र दालन सुरू केले. तेथे परवानगीनेच प्रवेश मिळतो आणि छळवणुकीस मज्जाव आहे. खेळाचे सामायिक प्रेम हीच तेथील मैत्रीची भाषा आहे.

कल्पित पात्रांद्वारे स्वतःची ओळख पटण्याचा अनुभव पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन यांनी 'थिंकिंग इन पिक्चर्स' या १९९५ च्या आत्मपर ग्रंथात नोंदविला आहे. स्वमग्न असलेल्या ग्रँडिन महाविद्यालयीन वयापासून 'स्टार ट्रेक'च्या चाहत्या होत्या. एका भागात संकट समोर असतानाही यानातील सहकारी मृत सोबत्याचा देह मागे सोडण्यास तयार होत नाहीत. तर्कनिष्ठ स्पॉकला त्यात अर्थ दिसत नाही. ग्रँडिन यांना स्पॉकचेच पटले. परंतु इतरांच्या निर्णयात भावना तर्कावर मात करते, आणि आपण इतरांपेक्षा नेमक्या कोठे वेगळ्या आहोत, हे त्यांना त्या प्रसंगातून उमगले. सामाजिक कौशल्याच्या पाठांनी जे सहज साधत नाही, ते एका मालिकेने साधले. येथे चाहतेपणा हे आत्मज्ञानाचे साधन ठरले.

दुहेरी समानुभूती :

स्वमग्न व्यक्तींना समानुभूती नसते, हा समज दीर्घकाळ प्रचलित होता. डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली 'दुहेरी समानुभूतीचा प्रश्न' ही संकल्पना मांडून त्याला आव्हान दिले. दोन भिन्न प्रकारच्या मनांना परस्परांचे आकलन होत नसेल, तर दोष एकाच पक्षाकडे का द्यावा, असा त्यांचा आशय आहे. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगावयाची होती. स्वमग्न व्यक्तींच्या साखळीने ती इतरांच्या साखळीइतक्याच चांगल्या रीतीने पुढे नेली. संवादाची क्षमता असते. तिला अनुकूल सोबती व जागा लागते. अनेकांना अशी जागा चाहत्यांच्या समूहात सापडते.

मुखवटा आणि संकोच :

पुष्कळ स्वमग्न व्यक्ती चारचौघांत आपली वैशिष्ट्ये जाणीवपूर्वक झाकून ठेवतात. हसण्याची वेळ पाठ करणे, हातांची हालचाल दाबून धरणे आणि आवडीच्या विषयावर न बोलणे, हे त्या मुखवट्याचे भाग होत. लॉरा हल व सहकाऱ्यांनी २०१७ साली केलेल्या अभ्यासात या प्रयत्नांमुळे येणारा थकवा सहभागींनी प्रकर्षाने नोंदविला. सारा कॅसिडी व सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात मुखवटा धारण करणे आणि आत्महत्येचे विचार यांच्यात संबंध आढळला. संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे खरे. तथापि 'आपली आवड लपव' हा वरवर निरुपद्रवी वाटणारा उपदेश पुनर्विचारास पात्र आहे, एवढे यातून निश्चित होते.

याच ठिकाणी संकोच न बाळगण्याचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. स्वमग्न विद्यार्थ्याच्या छंदाचे समर्थन बहुधा उपयुक्ततेच्या आधारे केले जाते : यातून त्याला नोकरी मिळेल, इंग्रजी सुधारेल, संगणक येईल. असे लाभ होतही असतील. परंतु आनंदासाठी कारण दाखविण्याची सक्ती एकाच गटावर का असावी? क्रिकेटच्या सामन्यासाठी दिवसभर खिळून बसणाऱ्याकडे कोणी उपयुक्ततेचा दाखला मागत नाही. नाट्यसंगीताच्या मैफलीत डोळे मिटून डोलणाऱ्या रसिकाचे डोलणे कोणी विकाराच्या यादीत घालत नाही. हाच न्याय आवडीच्या गाण्यावर हात हलविणाऱ्या स्वमग्न तरुणीला लागू होण्यास हरकत नसावी.

मर्यादा व धोके :

चाहतेविश्वाचे केवळ गुणगान करणे एकांगी ठरेल. रॅचेल ग्रोव्ह व सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात छंदामागील प्रेरणा व समाधान यांचा अनुकूल संबंध दिसला. परंतु छंदाची तीव्रता अतिशय वाढल्यास समाधान घटत असल्याचेही आढळले. चाहत्यांमध्ये गटबाजी व सामूहिक निंदा घडते. शब्दशः विश्वास ठेवणाऱ्या व्यक्तीची आर्थिक फसवणूकही होऊ शकते. तसेच या विश्वाचा मोठा भाग इंग्रजीत चालतो, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास तेथे प्रवेश करणे सोपे नसते. झोप, आहार वा अभ्यास यांची हानी होत असल्यास मदत अवश्य करावी. पण त्यासाठीची कसोटी त्या व्यक्तीचा त्रास ही असावी, इतरांना वाटणारे नवल ही नव्हे.

महाविद्यालयीन संदर्भ :

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नता वर्णपट विकाराचा समावेश असून, शासकीय व शासन-अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत निर्धारित प्रमाणाच्या दिव्यांगत्वासाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजेच असे विद्यार्थी आपल्या वर्गात येणे हे कायद्यास अभिप्रेत आहे. ज्यांचे निदानच झालेले नाही असेही अनेक असतात. मुलींच्या बाबतीत ही शक्यता अधिक, कारण कादंबऱ्या वा कलावंत यांविषयीची त्यांची ओढ चारचौघींसारखीच भासते. निदान करणे हे अध्यापकाचे काम नव्हे. पुढील गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. प्रकल्पाचा विषय निवडताना विद्यार्थ्याच्या आवडीस वाव द्यावा : कथनशास्त्र, अनुवाद, कोशरचना वा संख्याशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाचा प्रकल्प चाहतेविश्वातील सामग्रीवर होऊ शकतो. सूचना तोंडी व मोघम न देता लेखी व नेमक्या द्याव्यात. छंद हे बक्षीस म्हणून देण्याचे आणि शिक्षा म्हणून काढून घेण्याचे साधन करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्गात त्याची थट्टा करू नये व होऊ देऊ नये.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्वमग्न व्यक्तीचा उत्कट चाहतेपणा हा तिच्या अवधानाच्या घडणीशी सुसंगत असून, आंतरजालावरील चाहतेविश्व त्याला अर्थपूर्ण सामाजिक रूप देते. त्यातील धोके खरे आहेत. परंतु ते त्या व्यक्तीच्या सोबतीने हाताळावयाचे आहेत, तिचा आनंद हिरावून नव्हे. एका विषयात बुडून जाण्याचे मोल ज्यांना स्वानुभवाने ठाऊक आहे, असा वर्ग समाजात फार मोठा नाही. अध्यापक व संशोधक हा त्यांपैकी एक होय. आपल्या व्यासंगाला जो आदर आपण अपेक्षितो, तोच या विद्यार्थ्यांच्या व्यासंगाला देण्यास सर्वाधिक पात्र आपणच आहोत.