चष्मा पुसलाय ना?

१९९८ सालची गोष्ट. मी इंदापूरला कॉलेजात होते. सुट्टीत पुण्याला मावशीकडे जाऊन 'छोटा चेतन' बघायचं ठरलं आणि आई अडून बसली. "शंभर जणांनी घातलेला चष्मा पोराच्या डोळ्याला लावायचा? डोळे आले म्हणजे?" धाकटा भाऊ रडून बेजार! शेवटी तिने स्वच्छ रुमाल दिला, "आधी पुसायचा, मग घालायचा" अशी तंबी दिली आणि सोडलं. आम्ही वाटभर तिला हसलो.

थिएटरात मात्र हसणं विसरलो. पडद्यातली वस्तू थेट नाकासमोर! भाऊ हात पुढे करून ती पकडायला बघत होता.

मैत्रिणींनो, हा मूळचा मल्याळी सिनेमा, 'माय डिअर कुट्टिचातन'. २४ ऑगस्ट १९८४ रोजी आलेला भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा. निर्माते नवोदय अप्पचन, दिग्दर्शक त्यांचा मुलगा जिजो. मांत्रिकाच्या तावडीतलं छोटं भूत आणि त्याच्याशी मैत्री करणारी तीन मुलं, एवढीच गोष्ट. हिंदीत आणताना आपल्या उर्मिला मातोंडकरचे प्रसंग नव्याने घातले.

ही जादू आपल्या डोळ्यांचीच. एक डोळा मिटा आणि हात लांब धरून पेनाला टोपण लावून बघा, हमखास चुकतं. दोन डोळे थोडं वेगवेगळं बघतात, म्हणून अंतर कळतं. या सिनेमातही दोन चित्रं असतात आणि चष्मा ज्याचं चित्र त्याच डोळ्याला पोचवतो. त्यासाठी पडदाही चंदेरी लागतो.

एका गाण्यात मुलं भिंतीवरून चालत थेट छतावर जातात. त्यासाठी लोखंडी सांगाड्यात अख्खी खोली बसवून ती गोल फिरवली. कॅमेराही खोलीबरोबरच फिरायचा, म्हणून आपल्याला खोली स्थिर दिसते आणि मुलं उलटी!

पण मला सगळ्यात भावली ती वेगळीच गोष्ट. या चष्म्यांनी डोळे येतात अशी अफवा तेव्हाही उठली होती. निर्मात्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. प्रत्येक खेळाआधी चष्मे निर्जंतुक करतो, हे सिनेमाच्या सुरुवातीलाच सांगितलं. त्यासाठी प्रेम नझीर, अमिताभ बच्चन यांच्यासारखे नट पडद्यावर आणले. म्हणजे माझ्या आईची शंका अडाणी नव्हती. घराघरातल्या आयांची होती आणि तिला उत्तर द्यावं असं कुणाला तरी वाटलं होतं.

२०१३ मध्ये मराठीत 'झपाटलेला २' थ्रीडीत आला. बारामतीहून लेकाला घेऊन बघायला गेले. दारात चष्मा हातात आला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "पुसलाय ना हो?"

लेक हसला. मी पर्समधून रुमाल काढला.