सीताबर्डीची लढाई

नागपूरकर भोसले व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात नागपूर शहरालगतच्या सीताबर्डी टेकड्यांवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेली इतिहासप्रसिद्ध लढाई. तिसऱ्या इंग्रज–मराठे युद्धात (१८१७–१८) खडकीच्या लढाईनंतर तीनच आठवड्यांनी ती झाली. इंग्रजांना हा विजय महाग पडला. भोसल्यांना मात्र या पराभवामुळे स्वातंत्र्य गमवावे लागले.

पार्श्वभूमी : दुसऱ्या रघूजी भोसल्याने तैनाती फौज अखेरपर्यंत टाळली होती. मार्च १८१६ मध्ये तो मरण पावला. त्याचा मुलगा परसोजी दुर्बल असल्यामुळे पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब कारभार पाहू लागला. दरबारातील प्रतिपक्षाविरुद्ध पाठबळ मिळावे, म्हणून त्याने मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला व वार्षिक साडेसात लाख रुपये देण्याचे मान्य केले. परसोजीच्या मृत्यूनंतर (१ फेब्रुवारी १८१७) गादी मिळताच त्याला हे बंधन जाचू लागले व त्याने दुसऱ्या बाजीराव पेशव्याशी संधान बांधले. खडकीस युद्ध पेटल्यावरही, २४ नोव्हेंबर रोजी त्याने भर दरबारात पेशव्याने पाठविलेली सेनापतिपदाची वस्त्रे स्वीकारली. साहजिकच रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने तैनाती फौज तेलंखेडीहून सीताबर्डीस हलविली.

लढाई : सीताबर्डीस एक मोठी व तिच्या उत्तरेस एक लहान, अशा दोन टेकड्या असून लहान टेकडीच्या पायथ्याशी वस्ती होती. तिच्या आडून हल्ला करणे सोपे होते. कर्नल स्कॉटच्या हाताखाली मद्रासच्या दोन पलटणी, बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या व चार तोफा असे सुमारे दीड हजार लोक होते. भोसल्यांचे सैन्य त्यांच्या अनेक पटींनी मोठे होते. त्यात अरब पायदळ विशेष कडवे होते. २६ च्या सायंकाळी तोफांचा मारा सुरू झाला व तो रात्रभर कमीअधिक प्रमाणात चालू राहिला. लहान टेकडीचा बचाव करणारा कॅप्टन सॅडलर मारला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी ती टेकडी काबीज केली आणि तेथील तोफ मोठ्या टेकडीवर वळविली. रेसिडेन्सीच्या आवाराकडेही भोसल्यांचे घोडदळ सरकू लागले. या बिकट प्रसंगी कॅप्टन फिट्झजेराल्डने मोजक्या स्वारांनिशी चढाई करून दोन तोफा हस्तगत केल्या. त्याच सुमारास अरबांच्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्यांच्यात गोंधळ उडाला, तेव्हा कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीचे ३६७ लोक ठार वा जखमी झाले. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा कामी आला अथवा निकामी झाला. यात बहुसंख्य हिंदी शिपाईच होते. वेल्लोरच्या बंडामुळे (१८०६) जुना क्रमांक गमावलेल्या २४ व्या मद्रास पलटणीस या लढाईतील कामगिरीबद्दल तो परत मिळाला.

परिणाम : संख्याबळ असूनही भोसल्यांचा पराभव झाला, याचे मुख्य कारण नेतृत्वातील अनिश्चितता हे होय. सैन्य लढत असताना आप्पासाहेब युद्ध व तडजोड यांत दोलायमान राहिला. त्यामुळे टेकडी हाती येऊनही त्या यशाचा लाभ घेता आला नाही. लढाईनंतरही त्याने जोराचा हल्ला केला नाही. या अवधीत इंग्रजांच्या कुमका येत गेल्या व १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठ्या फौजेसह पोहोचला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वाधीन झाला. त्याच दिवशी त्याच्या फौजेचा पुन्हा पराभव झाला. अरबांनी मात्र शहर सोडले नाही. २४ डिसेंबर रोजी जुम्मा दरवाजावरील (सध्याचा गांधी दरवाजा) इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतविला आणि अखेर अटी ठरवूनच ते बाहेर पडले.

जानेवारी १८१८ च्या तहाने नर्मदेच्या उत्तरेकडील मुलूख, गाविलगड व वऱ्हाडातील प्रदेश कंपनीस मिळाले. राज्यकारभारावर रेसिडेंटचे नियंत्रण आले आणि सीताबर्डीच्या टेकड्यांवर तटबंदी उभारण्याचा हक्कही इंग्रजांना प्राप्त झाला. पुढे आप्पासाहेब पुन्हा कैद झाला. पण मे १८१८ मध्ये पहाऱ्यातून निसटून त्याने महादेव डोंगरातील गोंडांच्या साहाय्याने काही काळ प्रतिकार चालू ठेवला. त्याच्या जागी तिसऱ्या रघूजीस गादीवर बसविण्यात आले. रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. सीताबर्डीचा किल्ला भारतीय सेनेच्या ताब्यात आहे.