खोक्याच्या आत काय चिकटवायचं?

स्पीकरचा कोन पुढे जितका आवाज टाकतो, तितकाच मागे खोक्यातही टाकतो. तो भिंतींवर आपटून पातळ कोनातूनच परत बाहेर येतो आणि गाणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. आतून 30 सेंटीमीटर उंच खोक्यात हवा साधारण 570 हर्ट्झला घुमते, म्हणजे नेमकी माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात.

यावर उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस उत्तम. थर्माकोल मात्र निरुपयोगी. आवाज जिरतो तो तंतूंमधून हवा घासत गेल्यामुळे, आणि थर्माकोलमधून हवा खेळतच नाही. भिंतीला अगदी लागून हवा फारशी हलत नाही, म्हणून पातळ अस्तरापेक्षा चार-पाच सेंटीमीटरचा फुगीर थर घ्यावा. तो चिकटवायला सोल्यूशनचे ठिपकेच द्यावेत. सगळीकडे फासलं तर तंतू चिकटून कडक होतात. स्टेपल मारतानाही थर चेपू देऊ नये. सोल्यूशनचा वास पुरता उडाला की मगच स्पीकर बसवावा. बंद खोक्यात मधली जागाही सैलसर भरता येते. खोक्याला पोर्ट, म्हणजे हवा जाण्या-येण्याची नळी, असेल तर तिचं आतलं तोंड मोकळं हवं. ग्लासवूल वापरलीच तर कापडात शिवून, कारण तिचे तंतू टोचतात.

फळीच थरथरत असेल, तर कापसाचा उपयोग नाही. तिथे आतून आडवी पट्टी ठोकावी लागते.