रक्तवाहिनीची तहान

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पडघ्याहून नाशिकच्या दिशेनं निघालं की शहापूर तालुका लागतो. तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी इथून मुंबईला जातं. तानसाचं धरण तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवत आहे. भल्यामोठ्या नळांतून ते पाणी भिवंडी तालुका ओलांडून पुढे जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट पाहत असतात. नळ शेजारून गेला म्हणजे गावाला पाणी मिळालं असं होत नाही. गावासाठी वेगळी, लहान जोडणी लागते.

आपल्या शरीरातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांचं अगदी असंच आहे. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. ते ज्या धमन्यांतून वाहतं त्यांच्या भिंती जिवंत पेशींच्या बनलेल्या असतात. त्यांनाही प्राणवायू लागतो, अन्न लागतं. आता कुणी म्हणेल, रक्तात बुडालेल्या भिंतीला रक्ताची काय वाण? पण भिंतीला जाडी असते. आतल्या बाजूचे थर वाहत्या रक्तातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर भागवतात. तो प्राणवायू फार खोल पोचत नाही. मग बाहेरच्या थरांनी काय करायचं?

निसर्गानं त्यांच्यासाठी लहान जोडणी करून ठेवली आहे. मोठ्या धमनीच्या बाहेरच्या आवरणात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी पसरलेली असते. ती भिंतीत शिरते आणि तिला पोसते. वैद्यकात तिला लॅटिन नाव आहे, 'व्हासा व्हासोरम'. अर्थ सरळ आहे, वाहिन्यांच्या वाहिन्या. मी डॉक्टर नव्हे, शब्दांत रमणारा माणूस. मला यासाठी 'शिरेची शीर' हा शब्द सुचतो. शास्त्रात शीर वेगळी आणि धमनी वेगळी हे खरं, पण बोलीभाषा एवढी काटेकोर कुठे असते?

अशी जाळी कुठे असते आणि कुठे नसते, याचा हिशेब शिकागोच्या वोलिन्स्की आणि ग्लागोव्ह या दोन संशोधकांनी १९६७ मध्ये मांडला. त्यांनी लहानमोठ्या सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या तपासल्या. धमनीची भिंत लवचिक पदरांची बनलेली असते, एकावर एक कापडाचे थर ठेवावेत तशी. मधल्या पडद्यात असे साधारण २९ पदर असेपर्यंत झिरपणीवर भागतं. त्याहून जास्त पदर झाले की या बारीक वाहिन्या मधल्या पडद्यातही उतरलेल्या दिसतात. उंदराच्या महाधमनीला त्यांची तिथे गरज नाही, माणसाच्या महाधमनीला आहे.

आता मेंदूकडे वळू. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा खर्च मात्र २० टक्के. त्याला रक्त पुरवायला मानेतून चार धमन्या वर जातात, दोन पुढून आणि दोन मागून मणक्यांच्या आधारानं. कवटीत शिरल्यावर त्या एकमेकींना जोडून एक कडं तयार करतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६६४ मध्ये आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, म्हणून ते 'विलिसचं वर्तुळ' म्हणून ओळखलं जातं.

कवटीतल्या या धमन्या शरीरातल्या इतर धमन्यांसारख्या नाहीत. त्यांची भिंत पातळ असते, बाहेरचं आवरण विरळ असतं. आणि मुख्य म्हणजे जन्मतः त्यांच्या भिंतीत शिरेची शीर जवळजवळ नसतेच. या धमन्या मेंदूभोवतीच्या नितळ द्रवात पहुडलेल्या असतात. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला थोडंफार पोषण या द्रवातून मिळत असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. पातळ भिंत, आतून रक्त, बाहेरून द्रव. वेगळ्या नळाची गरज पडत नाही.

पण वय वाढतं तसं चित्र पालटतं. मृत्यूनंतर केलेल्या तपासण्यांत असं आढळलं की, लहान मुलांत न दिसणाऱ्या या बारीक वाहिन्या उतारवयातल्या माणसांच्या मेंदूधमन्यांत दिसू लागतात. धमनी कवटीत जिथे प्रवेश करते त्या टोकाशी त्या प्रामुख्यानं असतात. आणि जिथे त्या दाट, तिथे बहुधा भिंतही जाड झालेली आणि तिच्यात चरबी साचलेली असते.

चरबी साचून धमनी कडक आणि अरुंद होण्याला इंग्रजीत 'अथेरोस्क्लेरोसिस' म्हणतात. मूळ शब्द ग्रीक आहेत. 'अथेर' म्हणजे लापशी आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे कडकपणा. नाव ठेवणाऱ्याची नजर दाद द्यावी अशीच. साचलेला थर आतून लापशीसारखा मऊ आणि वरून कडक कवचाचा असतो.

इथे कोंबडी आधी की अंडं आधी, असा प्रश्न उभा राहतो. बारीक वाहिन्या आल्या म्हणून थर साचला, की थर साचला म्हणून वाहिन्या आल्या? या वादाचा निकाल पूर्ण लागलेला नाही. मात्र एक साखळी बरीच स्पष्ट झाली आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांच्या माऱ्यानं भिंत जाड होऊ लागते. जाड भिंतीच्या पोटातल्या पेशींचा श्वास कोंडतो. त्या रासायनिक हाका घालतात आणि त्या हाकेला ओ देऊन नव्या बारीक वाहिन्या फुटतात. इथवर सगळं भल्यासाठीच चाललेलं असतं. पण घाईत उभारलेल्या या वाहिन्या कच्च्या असतात, गळतात. गळतीतून तांबड्या पेशी, चरबी आणि दाह निर्माण करणाऱ्या पेशी थरात उतरतात. तांबड्या पेशींच्या आवरणातही कोलेस्टेरॉल असतंच, त्याचीही भर पडते. थर फुगतो, कमकुवत होतो आणि एखाद्या दिवशी फाटतो. तिथे रक्ताची गुठळी धरते आणि मेंदूच्या एका भागाचा पुरवठा बंद पडतो. तहान भागवायला आणलेल्या नळानंच घराची भिंत ओली होऊन ढासळावी, तसा हा प्रकार.

मग या नव्या वाहिन्या उगवूच दिल्या नाहीत तर? १९९९ मध्ये अमेरिकेत उंदरांवर हा प्रयोग झाला. वाहिन्यांची वाढ रोखणारी द्रव्यं दिल्यावर महाधमनीतल्या थराची वाढ मंदावली. माणसाच्या बाबतीत मात्र हे सोपं नाही. कर्करोगात वाहिन्यांची वाढ रोखणारी काही औषधं वापरतात, त्यांनी रक्तदाब वाढतो आणि गुठळ्यांचा धोकाही वाढू शकतो. त्यामुळे धमनीच्या आजारावर असा उपाय अजून रुग्णांपर्यंत पोचलेला नाही. आता विशेष प्रकारच्या एमआरआयमध्ये धमनीतला प्रवाहच नव्हे, तर तिची भिंतही दिसते आणि कुठला थर धगधगतो आहे याचा अंदाज घेता येतो, एवढी प्रगती झाली आहे.

हे सगळं आपल्याला का ठाऊक असावं? कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होऊन झटका येण्याचं प्रमाण पाश्चात्त्य गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याकडे, चीनमध्ये आणि एकूण आशियात जास्त आहे. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली २००५ आणि २००६ या दोन वर्षांत दीड लाखाहून अधिक वस्तीची पाहणी झाली. पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ रुग्ण सापडले. त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांना अडथळ्यामुळे झटका आला होता आणि जवळपास ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. हा श्रीमंतांचा, शहरी आजार आहे असं कुणाला वाटत असेल तर गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद केली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ मेंदूच्या झटक्यानं झालेले होते, म्हणजे सातात एक. दुसऱ्या कुठल्याही कारणानं एवढी माणसं गेली नव्हती. आणि बहुतेकांनी घरातच प्राण सोडला.

घरातच का? आपण त्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो. कुणी लकवा म्हणतं, आमच्या घरांतून फालिज हा शब्द ऐकू येतो. वारं म्हटलं की ते आपोआप आलं, आपोआप जाईल असं वाटतं. मग मालिश होते, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतो. त्यात जातात ते मोलाचे तास. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. निवडक रुग्णांत गुठळी नळीनं ओढून काढता येते, तिला थोडी जास्त मुदत असते. पण आधी सीटी स्कॅन हवा, कारण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन घातक ठरतं. म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. लक्षणं दहा मिनिटांत निघून गेली तरीही जावं. तो मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो.

आणखी एक गोष्ट. हृदयात जाळी बसवतात तशी मेंदूच्या अरुंद धमनीतही बसवून टाका, असा आग्रह नातेवाईक धरतात. प्रसंगी जमीन विकायला निघतात. अमेरिकेत ४५१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जाळी बसवलेल्या गटात पहिल्या ३० दिवसांत झटका किंवा मृत्यू १४.७ टक्के, तर केवळ औषधं आणि काटेकोर पथ्यावर ठेवलेल्या गटात ५.८ टक्के. त्या गटाला दिलं काय होतं? रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबावर आणि साखरेवर नजर, व्यायाम आणि तंबाखूला रजा.

रक्तदाबाची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. बरं वाटतं ते आपल्याला. धमनीच्या भिंतीला काय वाटतं, ते ती सांगत नाही. तिला दुखत नाही, ठणकत नाही. ती वर्षानुवर्षं मुकाट्यानं जाड होत जाते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी थांबवू नये, आणि चाळिशीनंतर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजून घ्यायला कंटाळू नये. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला पैसा पडत नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)